मासळीगावातलं पथ्य

चाळीस वर्षं मी ओल्यांवच्या कारखान्यात
सार्डिनची मुंडकी उडवली.
अंगठ्याचा एक फटका,
मुंडकं आणि आतडं एकदम बाहेर.
अजून लिंबू पिळताना अंगठा तसाच वळतो.

आणि माझ्याच बोक्याला मासळी मानवत नाही.

रोल्या त्याचं नाव, म्हणजे बूच.
तळहाताएवढा असताना बंदरात पडला होता,
बुडायचं सोडून तरंगत बसला.
यंदा वसंतात त्यानं गाल ओरबाडून काढले,
मानेवरचे केस गेले, कानामागे खपल्या.
रात्रभर खाटेखाली खर्र खर्र,
कुणी खवलं काढत बसल्यासारखं.

डॉक्टरीण क्वितेरिया,
माझ्या सुरीहून वयानं लहान,
पिसवा शोधून दमली. मग म्हणाली,
"आठ आठवडे फक्त ससा. हे डबे.
मासळी नाही, कोंबडी नाही, दूध नाही.
एक घास चुकला की पुन्हा पहिला दिवस."
"रक्त तपासून नाही का कळत?"
"नाही, दोना दल्फिना. पोटालाच विचारावं लागतं."

जून महिना. दारोदार शेगड्या,
धूर गल्लीतून सरळ रोल्याच्या नाकात.
घरोघर जाऊन सांगितलं,
पट्ट्यावर चिंधी शिवली: मला काही देऊ नका.
लोक वाचतात,
"अरेरे, बिचारा" म्हणतात
आणि देतात.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं सशाकडे पाठ फिरवली.
मांजराला उपास सोसत नाही,
यकृतावर जातं, असं बजावलं होतं.
मी डबा काखेत धरून कोमट केला,
बोटानं त्याच्या ओठाला लावला.
माझ्या मुलींचे असले चोचले
मी कधी पुरवले नव्हते.
पाळीला उशीर झाला तर
मुकादम दिवस कापायचा.

चौथा आठवडा संपला, खाज तशीच.
एका रात्री त्याच्या मागे गच्चीवर गेले.
एक गच्ची, दुसरी गच्ची,
तिसरीवर म्हातारा झेफेरीनु
थरथरत्या हातांनी बांगड्याचे काटे काढत होता,
एकेक करून, उजेडात धरून.
बशी आधीच मांडलेली.
मी ओरडणार होते.
"हा एकटाच येतो," तो म्हणाला,
"कोरड्या तोंडी कसा पाठवू?"

माझी जीभ टाळूला चिकटली.

सकाळी सहा डबे आणि एक चमचा
त्याच्या दारात ठेवून आले.
"रात्रीचं जेवण तुमच्याकडे.
आज पहिला दिवस."
त्यानं चष्मा पुसून डबा वाचला, अक्षर अन् अक्षर,
आणि म्हणाला, "ससा तर मलाही चालतो."

ऑगस्टच्या शेवटी गालांवर मऊ लव आली.
वाटलं, सुटलो.
पण क्वितेरिया म्हणाली,
"आता एकदा मासळी द्या. खात्री नको?"

लाखो कापल्या असतील मी.
ती एक कापताना हात अडला.
झेफेरीनु शेजारी बसला, टोपी मांडीवर घेऊन.
रोल्यानं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं,
एवढे दिवस कुठे ठेवली होतीस, अशा नजरेनं,
आणि बशी चाटून आरशासारखी केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे
खाटेखाली खर्र.

तर आता हे जन्माचं.
घरात मासळी शिजत नाही.
मी धक्क्यावर उभ्यानं खाते,
चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखी,
लिंबानं हात धुऊन घरी येते.
तरी रोल्या येतो,
माझा अंगठा दोन पंजांत धरतो,
डोळे मिटून चाटत राहतो.
चाळीस वर्षांचा वास
पथ्यात बसतो की नाही,
हे मी क्वितेरियाला अजून विचारलेलं नाही.